शाळेतल्या क्लासिक पुस्तकांवर पालकांचे आक्षेप: मला कमिटीत बसायचंय, तुमचं मत हवंय

सांजवेळ

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि मोठा आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मुलगी अकरावीत आहे, इकडे अमेरिकेतच. मागच्या महिन्यात शाळेचा मेल आला की मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' कादंबरीवर एका पालकांनी लेखी आक्षेप घेतलाय, त्यावर विचार करायला कमिटी बसणार आहे आणि त्यात दोन पालक हवेत. मी लगेच हो कळवून टाकलं. हो म्हणताना माझं मत ठरलेलंच होतं. इतकी वर्षं टिकलेलं पुस्तक आहे, आणि एक शब्द खटकला म्हणून कोणीतरी उठून काढून टाका म्हणतं, हे चालू द्यायचं नाही, असं मनात पक्कं धरूनच निघाले होते मी.

मग आक्षेपाचा फॉर्म हातात आला. नाव काळं केलेलं होतं, बाकी सगळं तसंच. त्यात एक प्रश्न असतो, तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंय का. बाईंनी लिहिलं होतं, 'हो, दोनदा. एकदा माझ्या शाळेत असताना, एकदा आत्ता.' खाली सहा-सात ओळीत प्रसंग. वर्गात मुलांना आळीपाळीने मोठ्याने वाचायला लावलं. त्यात काळ्या लोकांसाठीचा तो शब्द येतो, तुम्हाला माहितीये कुठला, आणि तो एकदोनदा नाही, अख्ख्या पुस्तकात दोनशेच्या वर वेळा येतो. त्यांचा मुलगा वर्गातला एकटा काळा मुलगा. शब्द आला की वर्ग त्याच्याकडे बघायचा. एकजण शब्द गिळून पुढे जायचा, दुसरा मुद्दाम लांबवायचा. तिसऱ्या दिवशी मुलगा पोट दुखतंय म्हणून घरी राहिला, चौथ्या दिवशी पण.

संध्याकाळी मी लेकीला विचारलं, तुमच्या वर्गात असं काही झालं होतं का गं. तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, 'सगळे बघायचे आई त्याच्याकडे. मी पण.'

त्या 'मी पण' नंतर माझं ठरलेलं मत जागचं हललंय. पुस्तक मी आता पुन्हा वाचायला घेतलंय. मीटिंग तीन आठवड्यांनी आहे. तुमच्यापैकी कोणी अशा कमिटीत बसलंय का? किंवा स्वतः आक्षेप घेतलाय का? मला दोन्ही बाजूंनी ऐकायचंय.

उंबरठा

सांजवेळ, प्रसंग वाचून वाईट वाटलं, त्या मुलाची काही चूक नाही. पण पुस्तकाची तरी काय चूक आहे? मी हे पुस्तक इथे आल्यावर, वयाच्या पस्तिशीत वाचलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. हकला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गोऱ्या पोराला, लहानपणापासून शिकवलेलं असतं की पळालेल्या गुलामाला मदत करणं म्हणजे चोरी, पाप. त्याच्याबरोबरच्या पळालेल्या गुलामाचा, जिमचा, ठावठिकाणा कळवणारी चिठ्ठी तो लिहून बसतो, आणि मग जिमने आपल्याला तराफ्यावर कसं सांभाळलं ते एकेक आठवत जातं त्याला, आणि तो ठरवतो की नरकात जावं लागलं तरी चालेल, आणि चिठ्ठी फाडतो. सगळा समाज चुकीचा आणि एका पोराचं मन बरोबर, हे इतकं सरळ सांगणारं दुसरं पान मला तरी माहीत नाही. ते पान मुलांपर्यंत पोचू द्यायचं नाही का?

आणि आक्षेप काही आजचे नाहीत. पुस्तक अमेरिकेत आलं १८८५ च्या फेब्रुवारीत, आणि मार्चमध्ये काँकर्डच्या सार्वजनिक लायब्ररीने ते काढून टाकलं होतं. कारण काय, तर भाषा गावंढळ आणि पोरांवर वाईट संस्कार होतील. तेव्हा लायब्ररीचा आक्षेप त्या शब्दावर नव्हता. दर पिढीला त्याच पुस्तकात वेगळं काहीतरी खटकतं. आज ऐकलं तर उद्या आणखी कोणाचं ऐकावं लागेल, मग उरणार काय?

निळी_शाई

मी नववी ते बारावीला इंग्लिश शिकवते, एकोणीस वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंबरठा, तुम्ही म्हणता ते पान मलाही अतिशय प्रिय आहे. पण तुम्ही ते पस्तिशीत, एकट्याने, घरी बसून वाचलंत. वर्गात बसून वाचणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. सोळा वर्षांच्या मुलाला आजूबाजूला अठ्ठावीस डोकी असतात आणि पुस्तकापेक्षा त्याला ती डोकी जास्त जाणवतात. सांजवेळच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर आळीपाळीने मोठ्याने वाचणं. हे पुस्तक असं वाचायला लावणं ही शिक्षकाची चूक आहे, त्यात दोन मतं नाहीत माझी. आमच्याकडे आम्ही तो शब्द वर्गात उच्चारतच नाही, कोणीच नाही, मी पण नाही. पहिला अख्खा तास शब्दावरच जातो. तो कोण वापरायचं, कशासाठी वापरायचं, छापलेला शब्द आणि तोंडातून निघालेला शब्द यात फरक काय. त्याच्या आधी सगळ्या पालकांच्या घरी पत्र गेलेलं असतं.

आणि दुसरं, हे जरा कमी बोललं जातं. लेखी आक्षेप येतात ते दिसतात तरी. पण जिथे एकदा शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डापर्यंत भांडण जातं तिथले शिक्षक पुढच्या वर्षी आपणहून पुस्तक बदलतात, कोणी सांगत नाही, कुठे नोंद होत नाही. मी स्वतः एक वर्ष असं केलंय. एका पालकांचा नुसता फोन आला होता, तक्रार पण नव्हती, चौकशी होती. मी घाबरून यादीतून एक नाटक काढलं आणि त्याच्या जागी काहीतरी गुळमुळीत घातलं. त्या वर्षीच्या मुलांना मी काय दिलं नाही ते मलाच माहितीये, अजून टोचतं.

पाऊलवाट

मी आक्षेप घेतलेला बाप आहे, म्हणून लिहितोय. आक्षेप म्हणलं की लोक आपल्याकडे पुस्तकं जाळायला निघालेला माणूस म्हणून बघतात, तो अनुभव घेऊन झालाय.

मुलगा आठवीत असताना आमच्या घरात एक आत्महत्या झाली होती, जवळच्या माणसाची. आणि चार महिन्यांनी वर्गात 'रोमिओ अँड ज्युलिएट' सुरू झालं. नाटक थोर आहे, मान्यच आहे, मला ते कुठूनही काढायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की या वर्षी माझ्या मुलाला दुसरं काहीतरी द्या. मी साधा मेल केला तर उत्तर आलं की फॉर्म भरा, आणि फॉर्ममध्ये एकच रकाना, पुस्तकाचं काय करावं असं तुम्हाला वाटतं. माझ्या मुलापुरतं म्हणायला जागाच नाही! शेवटी मिळालं दुसरं पुस्तक. पण मिळालं म्हणजे काय, तर सहा आठवडे तो रोज त्या तासाला लायब्ररीत एकटा बसायचा, वर्कशीट भरायचा, आणि सगळ्या वर्गाला कळलं की याच्याकडे काहीतरी आहे. आम्ही ज्यापासून वाचवायला गेलो त्याचाच बोर्ड त्याच्या गळ्यात अडकवला गेला.

तेव्हा सांजवेळ, माझं एकच सांगणं आहे की त्या बाईंना नक्की काय हवंय ते आधी विचारा. फॉर्मवरून कळत नाही.

तळटीप

मी वकील नाही, पण माझ्या कामात या खटल्यांचं बरंच वाचावं लागतं. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते म्हणून लिहितो.

लायब्ररीतलं पुस्तक आणि वर्गात शिकवायचं पुस्तक यांचे नियम वेगळे. न्यूयॉर्कमधल्या आयलंड ट्रीज डिस्ट्रिक्टच्या पिको खटल्यात १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा जो निकाल आला, की बोर्डाला विचार पटत नाहीत म्हणून पुस्तकं काढता येत नाहीत, तो शाळेच्या लायब्ररीपुरता होता, आणि त्यातही न्यायाधीशांत एकमत नव्हतं. सिलॅबसमध्ये बोर्डाला बराच मोकळा हात आहे. फ्लोरिडातल्या कोलंबिया काउंटीत पालकांच्या तक्रारीवरून चॉसरची 'मिलरची गोष्ट' आणि ॲरिस्टोफेनिसचं 'लायसिस्ट्राटा' असलेलं पाठ्यपुस्तक काढलं गेलं. १९८९ मध्ये अपील कोर्ट म्हणालं की निर्णय शहाणपणाचा वाटत नसला तरी बोर्डाला तो घ्यायचा अधिकार आहे.

उलट बाजू पण आहे. बोर्डाने पुस्तक ठेवलं तर पालक कोर्टात जाऊन ते काढायला लावू शकतात का? १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका पालकाने 'मर्चंट ऑफ व्हेनिस' आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट' ज्यूंविषयी द्वेष पसरवतात म्हणून शाळांतून काढायची मागणी केली होती, कोर्टाने नाही म्हणलं. आणि सांजवेळ, तुमच्या प्रकरणाशी अगदी जुळणारा खटला ॲरिझोनातल्या टेंपीचा आहे, निकाल १९९८ चा. एका आईने 'हकलबेरी फिन' आणि फॉकनरची एक कथा सक्तीच्या वाचनात नको म्हणून दावा लावला होता. कोर्टाने पुस्तक काढायला लावायला साफ नकार दिला. पण त्याच निकालात हेही म्हणलं की त्या पुस्तकाच्या निमित्ताने मुलीला वर्गात वर्णद्वेषी टोमणे खावे लागत असतील आणि शाळेला ते माहीत असूनही ती काही करत नसेल, तर त्यासाठी शाळेवर दावा चालू शकतो. म्हणजे पुस्तक आणि पुस्तकामुळे वर्गात जे घडतं, या दोन गोष्टी कोर्टाने वेगळ्या केल्या. तुमच्या कमिटीने एवढं वेगळं केलं तरी खूप झालं.

आणि आपल्या मुलाला वगळा ही मागणी आता कायद्यात पण वजनदार झालीये. २०२५ च्या जूनमध्ये मेरिलंडच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने म्हणलं की धार्मिक कारण असेल तर आधी सूचना द्या आणि मुलाला बाहेर राहू द्या. ती लहान मुलांची गोष्टीची पुस्तकं होती, पण त्याचा परिणाम वरच्या वर्गांवर होईल असं मला वाटतं.

रानवारा

फ्लोरिडातून. आमच्याकडे २०२३ च्या कायद्याने काही प्रकारच्या आक्षेपात पुस्तक आधी पाच शाळेच्या दिवसांत बाजूला काढायचं आणि मग विचार करायचा असं आहे. आणि पालक बोर्डाच्या मीटिंगमध्ये उतारा वाचू शकतात, अश्लील आहे म्हणून बोर्डाने मध्येच थांबवलं तर पुस्तक वापरणंच बंद. मी अशा एका मीटिंगला बसलेय. दोन मिनिटांचा उतारा, मागचं पुढचं काही नाही, वाचणाऱ्याचा आवाज चढलेला. त्या दोन मिनिटात कुठलंही पुस्तक घाणच वाटेल हो. अख्खं पुस्तक वाचून आलेला माणूस त्या खोलीत होता की नाही कोण जाणे.

आणि पालक पालक म्हणतो आपण, पण अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २०२४ च्या नोंदींत ८२१ प्रयत्न आहेत पुस्तकं हटवायचे, त्यात पालकांकडून आलेले फक्त १६ टक्के, ७२ टक्के संघटना, अधिकारी, बोर्डाचे लोक यांच्याकडून. सांजवेळच्या शाळेतल्या बाईंसारखं स्वतः दोनदा वाचून, स्वतःच्या मुलासाठी बोलणारं माणूस खरं तर विरळाच.

उंबरठा

पाऊलवाट, तुमची पोस्ट वाचली आणि थांबलो. मी 'आज ऐकलं तर उद्या' असं जे लिहिलं ते तुमच्यासारख्या माणसाला उद्देशून होईल हे डोक्यात आलं नव्हतं, माफ करा. मुलगा आता बरा आहे ना?

पण निळी_शाई, मला एक विचारायचंय. मग शब्द बदलून छापलेली आवृत्ती चालेल का? २०११ मध्ये आली होती ना एक, त्यात तो शब्द काढून 'गुलाम' घातलाय. मला ते पटत नाही पण एकटा पडलेला मुलगा डोळ्यासमोर आला की वाटतं, असू दे की मग.

निळी_शाई

नाही पटत मला. 'गुलाम' ही अवस्था आहे, आणि त्या शब्दात तिरस्कार आहे. सुटका झालेल्या माणसालाही तो चिकटूनच राहतो, हेच तर मुलांना दिसायला हवं. शब्द पुसला की हकच्या तोंडातून जे सहज बाहेर पडतं त्याची लाज वाटायची जागाच राहत नाही.

काळ्या लेखिका टोनी मॉरिसन यांनी या पुस्तकाविषयी लिहिलंय, की पहिल्यांदा वाचलं तेव्हा भीती आणि अस्वस्थता वाटली होती. तरीही शाळेतून ते काढायच्या मागणीला त्यांचा विरोध होता, मोठ्यांचं समाधान होतं, मुलांचं शिक्षण होत नाही, अशा अर्थाचं. ज्या बाईंची स्वतःची 'बिलव्हेड' कादंबरी किती शाळांत अडवली गेली त्या हे म्हणतात, त्याला माझ्या लेखी वजन आहे. पण त्यांची ती भीती पण खरी होती आणि आपण फक्त दुसरा भाग लक्षात ठेवतो.

आणखी एक, एकटं पुस्तक शिकवू नका असं कमिटीत सांगा. फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथन आधी घ्या, गुलामीत वाढलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं, छोटंसं आहे. आणि नंतर पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 'जेम्स' कादंबरीतले उतारे, तीच गोष्ट जिमच्या तोंडून, २०२५ चं पुलित्झर मिळालंय. मुलांना कळतं की मार्क ट्वेन हा या विषयावरचा शेवटचा शब्द नाही. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' कादंबरीचं पण तेच. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात मकिल्टिओला ते सक्तीच्या यादीतून काढा असं शिक्षकांनीच सुचवलं होतं, कारण अन्याय होतो काळ्या टॉम रॉबिन्सनवर आणि सगळं पुस्तक भोवती फिरतं गोऱ्या वकिलाच्या. ज्यांना शिकवायचंय त्यांना मोकळीक ठेवली होती तिथे. मला तो मधला मार्ग आवडला.

पाऊलवाट

उंबरठा, बरा आहे, विचारलंत ते बरं वाटलं. गेल्या वर्षी त्याने ते नाटक स्वतःहून वाचलं, मला न सांगता. नंतर सांगितलं.

सांजवेळ

मंडळी, मीटिंग झाली. परवा. दोन दिवस लिहायला जमलं नाही, डोकं भरून गेलं होतं.

आधी पुस्तकाबद्दल. मी पूर्ण वाचलं. उंबरठाचं पान आलं तेव्हा खरंच घशाशी आलं. पण मला त्याहून जास्त थांबवलं ते जिमच्या मुलीच्या प्रसंगाने. ती चार वर्षांची, नुकतीच तापातून उठलेली. जिम तिला दार लाव म्हणतो, ती नुसती हसत उभी राहते, तो चिडून तिला थप्पड मारतो. मग वाऱ्याने दार धाडकन आपटतं तरी ती दचकत नाही, आणि त्याला कळतं की तापात तिचे कान गेलेत. हे तो पहाटे तराफ्यावर हकला सांगतो, बायकोमुलांपासून लांब, रडत. आणि मग शेवटची दहाएक प्रकरणं, हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि कोंडलेल्या याच माणसाच्या सुटकेचा खेळ करतो, साप सोडतो, उंदीर सोडतो. मला ती पानं वाचताना राग आला. ज्या लेखकाने आधीचं लिहिलं त्यानेच हे का लिहिलं? हा प्रश्न घेऊन मी मीटिंगला गेले आणि तिथे विचारला पण. लायब्ररियन म्हणाल्या, हा प्रश्न अकरावीच्या मुलांना पडला तर तास सार्थकी लागला.

आम्ही सातजण होतो. सुरुवातीलाच मी विचारलं, सगळ्यांनी पूर्ण वाचलंय ना. दोघांनी मान खाली घातली. एकजण म्हणाले, कॉलेजला असताना वाचलं होतं, आठवतंय साधारण. मी म्हणलं आक्षेप घेणाऱ्या बाईंनी आत्ता वाचलंय, आपण निदान तेवढं तरी करायला हवं. जरा शांतता झाली. मग एक आठवडा पुढे ढकलली मीटिंग, म्हणून उशीर झाला. मला वाटत होतं मी आगाऊपणा केला की काय, पण पुढच्या आठवड्यात सगळे वाचून आले, आणि बोलणं किती वेगळं झालं म्हणून सांगू.

त्या बाई आल्या होत्या, नवरा पण. पाऊलवाट, तुमचं ऐकलं मी. त्यांना विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय. त्यांनी फॉर्मवर 'सक्तीच्या यादीतून काढा' यावर खूण केली होती. त्या म्हणाल्या, त्यातल्या त्यात जवळचं तेवढंच होतं. पुस्तकाचं मला माहितीये, मी लहान असताना माझ्या वर्गात पण हेच झालं होतं, तेव्हा माझी आई काही बोलली नव्हती. मला एवढंच हवंय की माझ्या मुलाला पुन्हा त्या खुर्चीत बसवायचं असेल तर आधी खोलीतल्या मोठ्या माणसांनी तयारी करावी. आणि मुलाने हे वर्गात शिकवायचं आणि त्याने सहन करायचं, असं होऊ नये, कारण सर मध्ये एकदा त्याला म्हणाले होते, तुला काय वाटतं, तुझ्या दृष्टीने सांग. हे फॉर्मवर नव्हतं. सर स्वतः तिथे बसले होते. चेहरा उतरला त्यांचा. ते म्हणाले, मला वाटलं मी त्याला बोलायची संधी देतोय. मग कोणीच काही बोललं नाही बराच वेळ.

निर्णय असा झाला. पुस्तक यादीत राहणार पण सक्तीचं नाही, तीन पुस्तकांतून एक वर्गाने घ्यायचं. घेतलं तर डग्लस आधी. शब्द मोठ्याने वाचायचा नाही. पालकांना पत्र. शिक्षकांना आधी प्रशिक्षण, ते नाही झालं तर त्या वर्षी पुस्तक नाही. आणि फॉर्मवर नवीन रकाना, 'फक्त माझ्या मुलासाठी', त्याबरोबर हेही की वेगळं पुस्तक घेणाऱ्याला एकटं बसवायचं नाही, निदान दोघातिघांचा गट करायचा. पाऊलवाट, तो शेवटचा भाग तुमचा आहे. मी नाव नाही घेतलं पण एका वडिलांचा अनुभव म्हणून सांगितला.

मतदान सहा विरुद्ध एक. एक मत विरोधात होतं ते, सक्ती का काढली म्हणून. त्यांचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटलं नाही. पर्याय दिला की अवघड पुस्तक कोण निवडेल, हा त्यांचा प्रश्न अजून डोक्यात आहे.

तळटीप

तो एक मताचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तीन पुस्तकांतून निवडायचं कोणी, शिक्षकांनी की मुलांनी, हे लिहून ठेवलंय का? नसेल तर पुढच्या वर्षी घोळ होईल.

सांजवेळ

शिक्षकांनी, मुलांशी बोलून, असं लिहिलंय. 'बोलून' म्हणजे काय ते नाही लिहिलं. बरं केलंत विचारलंत, उद्याच मेल करते.

निळी_शाई

सांजवेळ, खूप चांगलं काम केलंत. त्या सरांना जमलं तर कोणीतरी दोन शब्द बोला. पहिल्या वर्षी अशी चूक माझ्याकडूनही झालीये, अगदी तोच प्रश्न मी एका मुलीला विचारला होता. ती काही बोलली नाही, मान हलवली फक्त. तिचं नाव अजून आठवतं मला.

उंबरठा

आणि लेक काय म्हणाली घरी आल्यावर?

सांजवेळ

तिला मी सगळं सांगितलं नाही, कमिटीतलं बाहेर बोलायचं नसतं, निर्णय काय झाला तेवढंच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग रात्री खोलीत आली, माझी प्रत मागितली. वर्गात फक्त नेमून दिलेली पानं वाचली होती म्हणे. आता सोळाव्या प्रकरणावर आहे. काल विचारत होती, आई, त्याच्याशी मी याबद्दल बोलू का, की नको. मी म्हणलं आधी नुसतं त्याच्या शेजारी जाऊन बस जेवायच्या सुट्टीत. आज बसली होती. फुटबॉलवर बोलले म्हणे दोघं.